पंधरा डबे चिखल : आर्क्टिकच्या समुद्रतळापर्यंत पोहोचण्याची हकीकत

नोव्हेंबर २०२५ मध्ये पंधराव्या आणि शेवटच्या डब्यातील उरलासुरला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाला आणि कोंग्सफ्योर्ड या जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या लांबट फाट्यातून (अशा फाट्याला फ्योर्ड म्हणतात) आणलेल्या नमुन्यांची मोजणी एकदाची संपली. हे नमुने काढण्यासाठी मी आर्क्टिकमध्ये चोवीस दिवस होते. तेथवर पोहोचायला मात्र साडेचार वर्षे लागली आणि त्यांतील बहुतेक काळ वाट पाहण्यात, कागद जुळवण्यात आणि गोव्याच्या चिखलात गेला. समुद्री जीवशास्त्र शिकणारी मुले-मुली ‘आर्क्टिकला जायचे तर काय करावे लागते’ असे विचारतात तेव्हा फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने येथे लिहून ठेवत आहे.

मी रत्नागिरीची. भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिल्या होत्या, पण चिखलात तिसऱ्यांखेरीज आणखी कोणी राहते असा विचार कधी मनात आला नव्हता. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर २०१७ मध्ये गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि पहिल्याच सत्रात झुआरी नदीच्या मुखाशी होडीतून ग्रॅब खाली सोडला. ग्रॅब म्हणजे दोन जबड्यांचे लोखंडी यंत्र. दोरीने ते तळाशी पोहोचले की वरच्या ओढीबरोबर जबडे मिटतात आणि तळाचा ठरावीक क्षेत्रफळाचा तुकडा वर येतो. आमच्या ग्रॅबने एका वेळी ०.१ चौरस मीटर तळ उचलला जाई. तो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुतला, तेव्हा तळाशी केसासारखे किडे, मोहरीएवढे शिंपले आणि कोलंबीचे दूरचे नातलग वळवळताना दिसले. समुद्रतळावर आणि तळाच्या आत राहणाऱ्या या जीवांना बेंथॉस म्हणतात. मला त्या दिवशी साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. उलट होडीत उलटी झाली. पण ते किडे मोजायला मला आवडते, हे पुढच्या दोन-तीन महिन्यांत लक्षात आले.

एम.एस्सी. संपल्यावर नेट परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली आणि जानेवारी २०२० मध्ये गोव्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी रुजू झाले. तेव्हा फेलोशिप दरमहा ३१,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता अशी होती. जानेवारी २०२३ पासून ती कनिष्ठ फेलोसाठी ३७,००० आणि वरिष्ठ फेलोसाठी ४२,००० झाली. ही रक्कम दर महिन्याला येत नाही. कधी तीन, कधी पाच महिन्यांची एकदम येते, त्यामुळे रुजू होताना हाताशी निदान चार महिन्यांचे भाडे असावे. हे मला कोणी सांगितले नव्हते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, होडी बंद झाली आणि जून-जुलैचे पावसाळी नमुने त्या वर्षी घेताच आले नाहीत. प्रयोगशाळा उघडल्यावर मी कपाटातले जुने, कोणी न पाहिलेले डबे उघडून बसले. आर्क्टिकच्या अर्जात पुढे ज्याचा खरा उपयोग झाला ते कौशल्य या रिकाम्या वर्षातच हाताला लागले, ते म्हणजे पॉलिकीट या समुद्री किड्यांची ओळख पटवणे. कोसुरा नावाचा एक धाग्यासारखा किडा गोव्याच्या खाड्यांत सापडतो. त्याच्या पाठीच्या मधोमध एकच लांब स्पर्शिका असते आणि ती तुटून गेली असेल तर अनुभव नसलेला माणूस त्याला सहज दुसऱ्याच कुळात टाकतो. मी तसा तो कित्येक महिने टाकत होते.

आर्क्टिकचा विचार आला तो अगदी शेजारामुळे. भारताच्या ध्रुवीय मोहिमा चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ऑलेसुंड या वस्तीत ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झाले. वस्तीसमोरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ पासून ‘इंडआर्क’ ही भारतीय वेधशाळा पाण्याखाली नांगरलेली असून ती तापमान, क्षारता आणि प्रवाहांची नोंद घेते. एका व्याख्यानात त्या नोंदींचे आलेख दाखवले गेले. या फ्योर्डच्या मुखाशी समुद्रतळाचा उंच उंबरठा नाही, त्यामुळे पश्चिम स्पिट्सबर्गन प्रवाहातील कोमट अटलांटिक पाणी थेट आत शिरते. २००६ पासून तेथे हिवाळी बर्फ पूर्वीसारखा भरवशाने धरत नाही आणि आतल्या टोकाला क्रोनेब्रीन हिमनदी मागे सरकत आहे. पाण्याबद्दल इतके ऐकल्यावर, खालच्या चिखलात राहणाऱ्यांचे काय, असा प्रश्न मला पडणे साहजिक होते. व्याख्यानानंतर तो विचारायचे धाडस झाले नाही. मी ई-मेल केला आणि अकरा दिवसांनी उत्तर आले की प्रस्ताव मागवले जातील तेव्हा पाठवा.

पहिला प्रस्ताव २०२२ मध्ये पाठवला आणि तो नाकारला गेला. आता वाचला तर मीही तो नाकारीन. सतरा पानांत मी हवामानबदल, अन्नसाखळी, सूक्ष्मप्लास्टिक आणि जनुकीय विविधता असे सगळे कोंबले होते. किती नमुने, किती खोलीवरून, कोणत्या होडीने, या साध्या गोष्टींना अर्धे पान दिले होते. शेरा एका ओळीचा होता आणि त्याचा अर्थ असा की एका मोसमात होईल तेवढेच लिहा. दोन आठवडे मी फायलीकडे पाहिले नाही. मग मार्गदर्शकांनी एक काम दिले: आधी या फ्योर्डच्या तळाबद्दल जे छापून आले आहे ते सर्व वाच आणि मगच पेन उचल. सोपोट येथील पोलिश संशोधकांनी कोंग्सफ्योर्डच्या बेंथॉसवर अनेक वर्षे काम केले आहे. त्यांचे निबंध वाचताना कळले की हिमनदीच्या तोंडाजवळ वितळपाण्याबरोबर इतका बारीक गाळ सतत पडत राहतो की एका जागी नळी बांधून राहणारे किंवा पाणी गाळून खाणारे प्राणी तेथे गाडले जातात. टिकतात ते लहान, हलते राहणारे आणि गाळच खाणारे. फ्योर्डच्या बाहेरच्या भागाकडे जावे तसे नळ्या बांधणारे किडे, ब्रिटल स्टार (तारामाशाचे बारीक हातांचे नातलग) आणि मोठे शिंपले वाढत जातात. आणि हिमनदीजवळ टिकणाऱ्यांच्या यादीत कोसुरा होता. झुआरीत ज्याच्या तुटलेल्या स्पर्शिकेने मला छळले होते त्याचाच एक भाऊबंद ७९ अंश उत्तरेला राहतो, हे वाचून मी खरोखर खुर्चीतून उठले.

दुसरा प्रस्ताव सहा पानांचा झाला. प्रश्न एकच होता: हिमनदीच्या तोंडापासून बाहेर जाताना पाच ठिकाणी तळावरचा जीवसमूह आज कसा आहे आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहता तो कोठे सरकला आहे. पाच ठिकाणे, प्रत्येकी तीन ग्रॅब, म्हणजे पंधरा डबे. तो २०२३ च्या अखेरीस पाठवला, सादरीकरण झाले आणि मार्च २०२४ मध्ये उन्हाळी तुकडीत नाव आल्याचे पत्र मिळाले. रोज पाच वेळा ई-मेल उघडून पाहायच्या त्या काळाबद्दल अधिक लिहीत नाही.

खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली. स्वालबार्डमध्ये करायचे संशोधन ‘रिसर्च इन स्वालबार्ड’ या संकेतस्थळावर नोंदवावे लागते आणि प्रत्येक प्रकल्पाला क्रमांक मिळतो. तेथूनच स्वालबार्डच्या गव्हर्नर कार्यालयाकडे क्षेत्रकामाची माहिती जाते, आणि कोणते नमुने, किती, कोठून, हे अक्षांश-रेखांशांसह लिहावे लागते. न्यू-ऑलेसुंडची वस्ती किंग्ज बे ही नॉर्वे सरकारच्या मालकीची कंपनी चालवते, त्यामुळे होडी, प्रयोगशाळेतील जागा आणि वापरायची रसायने यांची मागणी तिच्याकडे आगाऊ नोंदवावी लागली. नमुने टिकवायला फॉर्मेलिन किती लिटर लागेल हे मी अंदाजाने लिहिले आणि ते कमी पडले. चाळणीवर उरणाऱ्या ऐवजाच्या निदान तिप्पट द्रावण धरावे. याशिवाय संस्थेचे ना-हरकत पत्र, परदेश दौऱ्याची मंजुरी, वैद्यकीय तपासणी आणि दातांचा दाखला लागला. दातांचे काम टाळत होते तेही झाले, कारण त्या वस्तीत दाढ दुखली तर विमानाने बाहेर काढण्यावाचून इलाज नसतो.

व्हिसाबाबत माझ्या हातून जी चूक होता होता राहिली ती सविस्तर सांगते. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे या द्वीपसमूहात जायला व्हिसा लागत नाही, ही माहिती खरी आहे आणि म्हणूनच फसवी आहे. भारतातून तेथे जाण्याची वाट ऑस्लोवरून आहे आणि ऑस्लोसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागतो. स्वालबार्ड नॉर्वेचाच भाग असला तरी शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणजे ऑस्लोला एकदा प्रवेश, स्वालबार्डमधील लाँगयिअरब्येन या मुख्य गावी जाताना शेंगेनमधून निर्गमन आणि परतताना दुसऱ्यांदा प्रवेश. मी ऑनलाइन अर्जात एकदाच प्रवेशाचा पर्याय निवडला होता. छपाई करण्याच्या आदल्या रात्री, आधीच्या मोहिमेत जाऊन आलेल्या एका ताईने तो वाचून मला फोन केला, “अगं, तू परत येणार नाहीस का?” तेव्हा तो बदलला. बायोमेट्रिकसाठी कोकणकन्येने मुंबईला गेले. मेमध्ये अर्ज केल्यामुळे शुल्क ८० युरो, म्हणजे साधारण ७,२०० रुपये पडले, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. ११ जून २०२४ पासून हे शुल्क ९० युरो झाले. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, पण त्यात शोध आणि बचावकार्याचा खर्च धरला आहे की नाही हे वेगळे वाचून घ्यावे. पासपोर्ट एकोणीस दिवसांनी परत आला. त्यांतील शेवटचे आठ दिवस मी कुरिअरवाल्याच्या दुचाकीचा आवाज ओळखायला शिकले.

कपड्यांवर मी स्वतः साडेसहा हजार रुपये खर्च केले आणि त्यातले अर्धे वाया गेले. बाहेरचे जाड जॅकेट आणि बूट मोहिमेकडून मिळतात. आपण घ्यायचे ते अंगालगतचे मेरिनो लोकरीचे दोन जोड आणि चांगले मोजे. जुलैत तेथील सरासरी तापमान पाच-सहा अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्या कल्पनेतील भयंकर थंडी नाही. मात्र होडीवर ओल्या हातमोज्यांनी चाळणी धरून तासभर उभे राहिले की अंकांना अर्थ उरत नाही. त्यामुळे आपल्याकडे मासळी साफ करणारे वापरतात तसे लांब रबरी हातमोजे, आत लोकरीचे घालता येतील इतके सैल, हीच माझ्या लेखी सर्वांत मोलाची खरेदी ठरली. ते मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून नेले होते, दोनशे वीस रुपयांना.

१४ जुलै २०२४ रोजी निघालो. ऑस्लोला एक रात्र, मग तीन तासांचे विमान आणि ७८ अंश उत्तरेला लाँगयिअरब्येन. तेथे साधे जेवण दोनशे क्रोनरच्या वर गेले, म्हणजे पंधराशे रुपयांहून अधिक. बॅगेतील ठेपले आणि आईने दिलेली सोलकढीची पावडर त्या रात्री कामी आली. पुढचा टप्पा चौदा आसनी डॉर्निअर विमानाचा, जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात सामानाची मर्यादा २० किलो होती आणि माझ्या चाळण्याच चार किलोच्या होत्या. ठेपले संपवले ते बरेच झाले.

न्यू-ऑलेसुंड ही पूर्वीची कोळसा खाणीची वस्ती. १९६२ मधील स्फोटात एकवीस कामगार मरण पावले आणि खाण बंद झाली. आता त्याच वस्तीत वेगवेगळ्या देशांची संशोधन केंद्रे आहेत. आमुंडसेन आणि नोबिले यांचे ‘नॉर्गे’ हवाईजहाज १९२६ मध्ये ज्या मनोऱ्याला बांधले होते तो अजून उभा आहे. दूरच्या अवकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या अँटेनांमुळे वस्तीभोवती वीस किलोमीटरपर्यंत वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते. फोन विमानातच फ्लाइट मोडवर जातो. घड्याळ, कॅमेरा आणि इयरफोन यांचे ब्लूटूथही बंद केले की नाही हे विचारले जाते. घरी बोलायचे तर केबल लावलेल्या संगणकावरून. जेवण सर्वांचे एकत्र आणि ठरल्या वेळी, घरात शिरताना बूट बाहेर, आणि दारांना कुलूप नाही, कारण अस्वल आले तर कोणत्याही घरात शिरता आले पाहिजे. वस्तीबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी रायफल आणि फ्लेअर पिस्तुलाचे प्रशिक्षण झाले. मी आयुष्यात दिवाळीची टिकल्यांची पिस्तूलसुद्धा भावाला देऊन टाकणारी. पहिल्या फैरीनंतर खांदा दोन दिवस दुखला.

मग वाट पाहण्यात नऊ दिवस गेले. तीन दिवस लाटा, दोन दिवस धुके, दोन दिवस होडी दुसऱ्या गटाला दिलेली, एक दिवस इंजिनाची दुरुस्ती आणि एक दिवस पुन्हा धुके. सूर्य मावळत नसल्याने वेळेचा अंदाज सुटतो आणि रात्री दोन वाजता लख्ख उन्हात जागे राहून उरलेले दिवस मोजावेसे वाटतात. प्रस्तावात पाच ठिकाणांसाठी पाच दिवस लिहिले होते. कोणी आता लिहीत असेल तर त्याच्या दुप्पट धरावेत.

२९ जुलैला निघालो. ‘टाइस्टेन’ ही वस्तीची कामाची होडी, त्यावर दोर ओढणारा विंच आणि व्हॅन वीन प्रकारचा ग्रॅब. बाहेरच्या ठिकाणी पाणी निळे-हिरवे होते. आत जाऊ तसे ते तपकिरी-लाल होत गेले, पहिल्या पावसानंतर आपल्या नद्या होतात तसे, कारण हिमनदी तांबड्या वालुकाश्माचे पीठ घेऊन येते. हिमकड्याचे तुकडे केव्हाही कोसळू शकतात म्हणून होडी दूरच थांबवतात. कडा आधी कोसळतो आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, त्यामुळे पाहणारा नेहमी चुकीच्या जागी पाहत असतो. पहिला ग्रॅब वर आला तो अर्धा रिकामा. हिमनगांतून सुटून पडलेले दगड तळाच्या गाळात रुतलेले असतात. एखादा खडा जबड्यांत अडकला की फट राहते आणि वर येईपर्यंत नमुना धुऊन जातो. असा नमुना टाकून द्यायचा असतो, कितीही थंडी वाजत असली तरी. पंधरा चांगले नमुने मिळण्यासाठी आम्ही चार दिवसांत सव्वीस वेळा ग्रॅब सोडला. आतल्या ठिकाणचा गाळ मुलतानी मातीसारखा गुळगुळीत होता. त्याला वास जवळजवळ नव्हताच, कारण त्यात कुजायला फारसे काही नसते. झुआरीच्या गाळाला सरावलेल्या नाकाला हेच सर्वांत परके वाटले. तो चाळणीतून लवकर जात नाही आणि पाण्याचा जोर वाढवला तर नाजूक किडे तुटतात, म्हणून नळी हलकी ठेवून एकेक नमुना चाळायला पाऊण तास लागे.

वस्तीतील सागरी प्रयोगशाळेत नमुने फॉर्मेलिनमध्ये घालून काही दिवसांनी धुतले आणि अल्कोहोलमध्ये हलवले. फॉर्मेलिन विषारी आणि अल्कोहोल ज्वालाग्राही, त्यामुळे डबे बॅगेत घालून आणणे शक्य नव्हते. ते मोहिमेच्या मालाबरोबर, धोकादायक वस्तूंच्या कागदांसह गेले. निवडक जीवांच्या छोट्या कुप्या तेवढ्या हवाई वाहतुकीच्या नियमांतील सवलतीत आणता आल्या. त्यात एका कुपीत ३० मिलिलिटरपर्यंत आणि एका खोक्यात एकूण एक लिटरपर्यंत द्रव चालतो, तिहेरी बांधणी लागते आणि विमान कंपनीला आधी कळवावे लागते. नमुन्यांना व्यापारी मूल्य नाही, असे संस्थेच्या कागदावर लिहिलेले पत्र दोन प्रतींत जवळ ठेवावे. सीमाशुल्क अधिकाऱ्याने माझ्या कुप्या उजेडात धरून “हे काय, गांडूळ?” असे विचारले आणि मी “त्यांचे नातेवाईक” म्हणाल्यावर शिक्का मारला.

डबे ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यात पोहोचले. एकाचे झाकण सैल होऊन अल्कोहोल निम्मे उडाले होते, पण आतले जीव वाचले. प्रत्येक झाकणाला प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची हे मला माहीत होते आणि मी चौदा डब्यांना ती गुंडाळली होती. फेलोशिपची पाच वर्षे जानेवारी २०२५ मध्ये संपली, म्हणून पुढची मोजणी कमी पगारावर प्रकल्प सहायक म्हणून केली. गुलाबी रंगाने रंगवलेल्या गाळातून एकेक जीव चिमट्याने वेचायचा, गटांत लावायचा, नाव शोधायचे, मोजायचे. हिमनदीजवळच्या तीन डब्यांत कोसुरा निघाला, कीटोझोन हा दुसरा पॉलिकीट किडा निघाला, थायासिरा आणि योल्डिएला हे इवलेसे शिंपले निघाले, आणि एकूण प्रकार कमी. बाहेरच्या डब्यांत माल्डेन या किड्याच्या चिखलाच्या नळ्यांचा गुंता सोडवण्यातच अख्खा उन्हाळा गेला. जुन्या नोंदींशी तुलना करताना एक अडचण अशी की हिमनदी मागे गेल्यामुळे तेव्हाचे ‘हिमनदीजवळचे’ ठिकाण आता तिच्यापासून दूर पडले आहे. मग जागा तीच धरायची की अंतर तेच धरायचे, यावर प्रबंधाचे एक अख्खे उपप्रकरण खर्ची पडले. एका मोसमाच्या पंधरा ग्रॅबवरून कल सिद्ध होत नाही, तेव्हा तसा दावा मी केलेला नाही.

आईला एका मोठ्या शिंपल्याचे छायाचित्र दाखवले तेव्हा तिने विचारले, तेथली माणसे हे खातात का. वॉलरस खातात, असे मी सांगितले. तिने बराच वेळ पाहून म्हटले की तिसऱ्यांपेक्षा मांस जास्त दिसते.

राहता राहिले प्रवासाचे बिल. ते मंजूर व्हायला चौदा महिने लागले, कारण एका विमानाच्या बोर्डिंग पासची मूळ प्रत माझ्याकडे नव्हती. त्या छोट्या डॉर्निअरचा पास कोणता आणि पावती कोणती हे मला तेव्हा कळलेच नव्हते. शेवटी विमान कंपनीकडून प्रवास केल्याचे पत्र मागवले, त्याचे भाषांतर जोडले आणि भाषांतरावर सही घेतली. आजही प्रत्येक बोर्डिंग पास मी एका जुन्या नमुना-डब्यात टाकते आणि झाकणाला फिल्म गुंडाळते.